नवा कॅटफिश घरी आणलाय? पहिले तीन आठवडे असे काढा

मासा आणला, टाकीत सोडला, तो सरळ लाकडामागे गेला आणि चार दिवस झाले तरी दिसला नाही. गप्पी, टेट्रा वर येऊन दाणे टिपताहेत, याचा मात्र पत्ता नाही. मग घरातलं कुणीतरी न राहवून लाकूड उचलून बघतं, जिवंत तरी आहे ना. मासा घाबरून दुसऱ्या कोपऱ्यात पळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नव्या कॅटफिशला पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त त्रास होतो तो या काळजीचाच. तो जेवताना दिसत नाही म्हणून आपण त्याला शोधतो, आणि आपण शोधतो म्हणून तो जेवायला बाहेर येत नाही.

हे मासे रात्रीचे. जेवण, फिरणं, भांडणं, सगळं दिवे गेल्यावर. त्यामुळे तो खातोय की नाही हे त्याला खाताना बघून ठरवायचं नसतं. सकाळी भाजीच्या फोडीवर काय उरलंय, तळाशी विष्ठा पडली आहे का आणि काचेला चिकटल्यावर पोट कसं दिसतंय, या तीन गोष्टी बघायला शिकलात की निम्मं काम झालं.

मी इथे मुख्यतः ब्रिसलनोज प्लेको या, तोंडाने काचेला चिकटणाऱ्या छोट्या कॅटफिशबद्दल लिहिते आहे. पुण्यात घरी गेली नऊ वर्षं मी हेच मासे सांभाळते, आणि पहिल्यांदा कॅटफिश पाळणाऱ्याने यानेच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कोरीडोरस या तळाशी घोळक्याने राहणाऱ्या छोट्या कॅटफिशची गोष्ट थोडी वेगळी, ती शेवटाकडे येईल.

विकत घेण्याआधी

आपल्याकडच्या दुकानांत ‘सकर’ या एकाच नावाखाली दोन वेगळे मासे मिळतात. पहिला साधा सकर, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस. दुकानात तो दोन इंचांचा असतो, पण पूर्ण वाढला की ३० ते ४५ सेंटिमीटर होतो. त्याच्या पाठीवरचा पर मोठा, शिडासारखा उभा राहणारा असतो आणि अंगावर बिबट्यासारखी ठिपक्यांची जाळी असते. दुसरा ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. तो १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो. डोकं रुंद, शरीर चपटं, पर तुलनेने लहान. नर जरा मोठा झाला की त्याच्या नाकाडावर मांसल फाटे फुटतात. मादीला ते नसतात किंवा ओठाच्या कडेला अगदी बारीक असतात. ब्रिसलनोजला सुमारे ८० लिटरची टाकी पुरते. साध्या सकरला ४०० लिटरही मोठं झाल्यावर अपुरं पडू लागतं. घरात दोन फुटांची टाकी असेल तर साधा सकर आणूच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मोठा झालेला सकर लोक जवळच्या तलावात किंवा नदीत सोडून येतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्या पाण्यात छान तगतो, किनाऱ्यात बिळं करतो आणि त्याच्या कडक काट्यांनी जाळी फाटतात. भीमेवरच्या उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडतो आहे. तिथे त्याला कुणी घेत नाही, आणि जाळं मात्र नवं विणावं लागतं. मासा सांभाळणं शक्य नसेल तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण नदीत सोडू नका.

दुकानात मासा काचेला चिकटलेला असताना त्याचं पोट नीट बघा. भरलेलं पोट किंचित फुगीर किंवा सपाट दिसतं. पोट खपाटीला गेलेलं असेल, म्हणजे बरगड्यांच्या मागे खळगा पडलेला असेल, तर तो मासा कितीही आवडला तरी सोडून द्या. डोळे आत गेलेले असतील तर तो फार दिवस उपाशी आहे. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: माल कधी आला, आणि तुम्ही याला काय घालता? कालच आलेला मासा आठवडाभराने घ्या. दुकानापर्यंतच्या प्रवासाने जे दगावायचे ते दुकानातच दगावतात, आणि जो आठवडाभर टिकला तो बहुधा तुमच्याकडेही टिकतो.

“काचेवरचं शेवाळं खातो, वेगळं काही घालायला नको.” माझ्या पहिल्या सकरच्या वेळी दुकानात मला हेच सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं. नवी कोरी टाकी, काचेवर शेवाळ्याचा मागमूस नाही. दिवसभर तो काचेवर तोंड फिरवत असायचा आणि मला वाटायचं, जेवतोय. तिसऱ्या आठवड्यात तो गेला. हातात घेतला तेव्हा पोटाची बाजू अक्षरशः वाटीसारखी आत गेली होती. तीन आठवडे तो माझ्या डोळ्यांसमोर उपाशी होता. त्यानंतर एकही कॅटफिश मी पोट न बघता घेतलेला नाही, आणि घरी आणल्यावर जेवणाची सोय आधी केल्याशिवाय आणलेला नाही.

मासा येण्याआधीची तयारी

टाकी जुनी हवी. जुनी म्हणजे फिल्टरमध्ये जिवाणू वसलेली. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. थेंबांचं तपासणी किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवत असतील तरच मासा आणा.

घरात आधीचे मासे असतील तर नव्याला तीन आठवडे वेगळं ठेवा. त्यासाठी काचेची दुसरी टाकी लागत नाही. ३० ते ४० लिटरचा, झाकण असलेला, खाण्याच्या वस्तू ठेवण्याजोगा प्लास्टिकचा टब पुरतो. एक स्पंज फिल्टर महिनाभर आधी मोठ्या टाकीत टाकून ठेवा म्हणजे त्यात जिवाणू वसतात. मासा यायच्या दिवशी तोच फिल्टर टबात लावा. टाकी रिकामीच असेल, दुसरे मासे नसतील, तर टबाची गरज नाही, थेट टाकीत सोडा. पुढे जिथे मी टब म्हणते तिथे टाकी असं वाचा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याला अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीन नसतं, पण पाणी बरंच जड असू शकतं. ब्रिसलनोज याबाबत हट्टी नाही, पीएच ६.५ ते ७.५ त्याला आवडतो आणि थोडं वरखाली चालतं. झटक्यात झालेला बदल मात्र चालत नाही. तापमान २३ ते २७ अंश ठेवा. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच.

उन्हाळ्याची गोष्ट जरा नीट समजून घ्या, कारण नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३२ अंशांच्या वर जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. तळाशी राहणाऱ्या माशाला त्याचा फटका आधी बसतो. तेव्हा एअर पंप दिवसरात्र चालू, झाकण काढून त्याजागी जाळी, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा. पंख्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. एप्रिल-मे सोडून मासा आणता आला तर फारच उत्तम.

आता घर. ब्रिसलनोजला नारळाच्या करवंटीइतकी आवडती जागा दुसरी नाही. करवंटीतलं खोबरं चमच्याने खरवडून पूर्ण काढा, बाहेरचे धागे घासून टाका आणि कडेला मासा आत जाईल एवढी खाच करा. मग ती उकळा. पाणी चहासारखं लाल होईल. ते ओतून पुन्हा उकळा. चार-पाच वेळा केल्यावर पाणी फिकं येऊ लागतं. खोबऱ्याचा कण जरी राहिला तरी पाण्यावर तेलाचा तवंग येतो, म्हणून खरवडण्याचा कंटाळा करू नका. करवंटी नसेल तर न रंगवलेलं मातीचं बोळकं आडवं ठेवा. लाकडाचा एक तुकडाही हवा. हे मासे लाकूड सारखं खरवडत असतात. मत्स्यालयासाठी मिळणारं लाकूडच घ्या आणि आठवडाभर भिजवून ठेवा. त्यातून पाणी तपकिरी होतं, त्याने माशाला काही अपाय नाही.

आणखी एक तयारी आहे, ती फार थोडे लोक करतात आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. मासा यायच्या पंधरा दिवस आधी नदीतले चार-पाच गुळगुळीत काळे गोटे घासून धुवा, पसरट काचेच्या भांड्यात टाकीचंच पाणी घेऊन त्यात ठेवा आणि भांडं गॅलरीत उन्हात ठेवा. भांड्याच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास तुमच्याच घरात होईल. दहा-बारा दिवसांत गोट्यांवर मऊ हिरवा थर धरतो. आपल्याकडचा काळा पाषाण, बेसॉल्ट, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याचा जडपणा बदलत नाही. संगमरवर किंवा समुद्रातले शिंपले वापरू नका, त्यांनी बदलतो. दुकानातल्या अल्गी वेफरला (शेवाळ्याच्या सुक्या, बुडणाऱ्या चकत्यांना) तोंड न लावणारा मासासुद्धा या हिरव्या गोट्यावर पहिल्या रात्री बसतो, कारण हे जेवण त्याच्या ओळखीचं असतं.

घरी आणताना आणि सोडताना

पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून अंधारात आणा. मुलांना दाखवायला वाटेत उघडू नका. कॅटफिशच्या परांना कडक काटे असतात, कोकणात शिंगाळा हाताळणाऱ्यांना त्यांचा प्रताप ठाऊक आहे. मासा घाबरला की ते काटे ताठ उभे राहून अडकतात. म्हणून त्याला जाळीने धरू नका. काटे जाळीत गुंततात आणि सोडवताना पर फाटतो. दुकानदारालाही प्लास्टिकच्या डब्यानेच काढायला सांगा आणि पिशवी दुहेरी घ्या.

घरी आल्यावर बंद पिशवी १५ ते २० मिनिटं टबाच्या पाण्यावर तरंगत ठेवा. त्यानंतर मासा पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या आणि टबातलं पाणी थेंबाथेंबाने बादलीत सोडा. त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारा नवा सलाईनचा सेट मला सर्वांत सोयीचा वाटतो. सुई लागत नाही, ती काढून टाका. वरचं टोक टबात बुडवायचं, दुसऱ्या टोकाने एकदा ओढून पाणी सुरू करायचं आणि चाकाने वेग ठरवायचा. सेकंदाला तीन थेंब ठेवले तर तासाभरात साधारण अर्धा लिटर पाणी पडतं. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की पुरे. मग मासा डब्याने उचलून टबात सोडा. बादलीतलं पाणी टबात ओतू नका.

कुरियरने आलेला मासा असेल तर मात्र हा तासाभराचा प्रकार करू नका. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो. त्याच वेळी माशाच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये अमोनियाचा बहुतेक भाग कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडा आणि लगेच मासा टबात घ्या.

टबात कसलंही औषध आधीच घालून ठेवू नका. निळं औषध घाला, मीठ घाला, असं हमखास सांगतात. कॅटफिशना खवले नसतात, मीठ आणि तांब्याची औषधं त्यांना इतर माशांपेक्षा जास्त बाधतात. निळ्या औषधाने फिल्टरमधले जिवाणूही मरू शकतात. रोग दिसलाच तर औषध, तोवर स्वच्छ पाणी.

पहिली रात्र आणि पुढचे दोन दिवस

दिवा बंद. टबाच्या तीन बाजूंना जाड कागद लावा. पहिले चोवीस तास खाणं नको, बघायला जाणं नको, करवंटी उचलणं तर नकोच. टब दरवाजाच्या मागे किंवा टीव्हीच्या शेजारी असेल तर आधीच हलवून ठेवा, कारण दार आपटल्याचा धक्का माशाला सरळ अंगावर बसतो.

पहिले काही तास तो काचेला चिकटून निपचित पडेल, रंग फिका पडेल, श्वास जोरात चालेल. हे चालतं. एखाद्या वेळी सुर्रकन वर येऊन हवा गिळून खाली जाईल, तेही स्वाभाविक आहे. हे मासे गिळलेल्या हवेतून प्राणवायू घेऊ शकतात. दर दोन-चार मिनिटांनी वर येत असेल तर मात्र पाण्यात काहीतरी बिघडलं आहे. अमोनिया तपासा आणि हवा वाढवा.

बघितल्याशिवाय चैनच पडत नसेल तर टॉर्चला लाल जिलेटिन कागद दोन पदरी लावा आणि रात्री बाराच्या पुढे, लांबून, दोन मिनिटं बघा. लाल उजेड या माशांना फारसा जाणवत नाही. एक गंमत दिसेल. दिवसा याच्या डोळ्यात वरून एक पडदा उतरलेला असतो आणि बुबुळातली काळी जागा घोड्याच्या नालेसारखी दिसते. अंधारात तो पडदा आक्रसतो आणि काळी जागा गोल, मोठी होते. त्याचा डोळाच रात्रीसाठी घडलेला आहे, हे तेव्हा पटतं.

जेवण

दुसऱ्या रात्री, दिवे मालवून अर्धा तास झाला की एक हिरवा गोटा करवंटीच्या तोंडापाशी ठेवा आणि शेजारी अर्धा अल्गी वेफर. गोटा नसेल तर नुसता वेफर. सकाळी वेफरचं पीठ होऊन पसरलं असेल तर ते नळीने ओढून काढा. छोट्या टबात उरलेलं खाणं एका दिवसात अमोनिया करतं.

तिसऱ्या रात्रीपासून भाजी. दुधी, दोडका, फरसबी, पालक, लाल भोपळा, यांतलं जे त्या दिवशी घरात असेल ते. काकडी मासे आवडीने खातात, पण ती जवळजवळ सगळी पाणीच, तेव्हा रोजच्या जेवणात ती धरू नका. दुधीची अर्धा इंच जाडीची चकती कापा. सालीवर फवारणीचा अंश असतो म्हणून आधी चांगली धुवा आणि थोडा वेळ पाण्यात ठेवा. मग बिनमिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून काढा, नखाने दाबल्यावर खूण उमटेल इतपत मऊ. थंड करा. चकती तरंगते, आणि हा मासा तरंगणाऱ्या जेवणाकडे जात नाही, म्हणून ती स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी ठेवा. काटा संपूर्ण स्टीलचा हवा, प्लास्टिकच्या मुठीचा नको.

सकाळी ती चकती बाहेर काढून हातात घ्या आणि खिडकीपाशी उजेडात बघा. माझ्या सध्याच्या नराने पाचव्या रात्री पहिल्यांदा दुधी खाल्ला. तोवर मी त्याला एकदाही खाताना पाहिलं नव्हतं. चकतीच्या मधल्या मऊ भागात, बियांच्या भोवती, किसणीच्या बारीक बाजूने हलकेच घासावं तसे ओरखडे होते, आणि एका कडेला चण्याएवढा खळगा. बस्स, तेवढंच. तीन दिवसांनी मधला सगळा गर गेला होता आणि हिरव्या सालीची नुसती बांगडी काट्यात अडकून राहिली होती. हे ओरखडे दिसले की समजा गाडी रुळावर आली. ते पहिल्या दिवशी इतके हलके असतात की लक्ष नसेल तर ‘खाल्लंच नाही’ म्हणून आपण चकती टाकून देतो.

भाजी दहा-बारा तासांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नका, आपल्या हवेत ती लवकर सडते. आठवड्यातून एकदा सोललेला, उकडलेला मटार किंवा गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) चालतात, पण मांसाहार बेताचा ठेवा. ब्रिसलनोजचं आतडं लांबलचक, गुंडाळी केलेलं असतं, शेवाळं आणि भाजीपाला पचवण्यासाठीचं. रोज ब्लडवर्म घातले तर पोट फुगून मासा आजारी पडतो. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल जंत) गटारीच्या पाण्यातून गोळा केलेले असतात, नव्या, दमलेल्या माशाला ते मुळीच नकोत.

खाणं सुरू झालं की विष्ठा दिसते: तपकिरी किंवा हिरवट लांब दोरे, तेही भरपूर. नवख्या माणसाला ते बघून धास्ती वाटते, मला हायसं वाटतं. पांढरे, पारदर्शक, आतून रिकामे दोरे दिसले तर एकतर पोट रिकामं आहे किंवा आतड्यात परजीवी आहेत. मासा व्यवस्थित खात असूनही आठवडाभर तसेच दोरे पडत राहिले आणि पोट भरत नसेल, तर माशांच्या आजाराची माहिती असलेल्या पशुवैद्याला किंवा अनुभवी पाळणाऱ्याला दाखवा.

टबातलं पाव हिस्सा पाणी एक दिवसाआड बदला, तापमान जुळवून, क्लोरीन काढून. हे काम दिवसा, हळू हाताने, नळीने. करवंटीला हात न लावता होतं.

सहा दिवस झाले, अजून काहीच खात नाही

आधी माशाच्या आकाराकडे बघा. चार इंचांचा, भरल्या पोटाने आलेला मासा आठवडाभर न खाता तग धरतो. दीड इंचाचं पिल्लू तीन-चार दिवसांतच खंगायला लागतं, त्याच्यासाठी वाट बघण्याची मुदत कमी.

त्यानंतर पाणी. बहुतेक वेळा दोष जेवणात नसतो, पाण्यात असतो. थर्मामीटर बघा, अमोनिया आणि नायट्राइट तपासा. जरासाही रंग दिसला तर त्याच दिवशी निम्मं पाणी बदला. मग आडोसा: करवंटी इतकी मोठी आहे का की मासा आत उघडा पडतो? याला अंग घासून बसता येईल अशी अरुंद जागा आवडते. मग शेजारी. दुसरा नर ब्रिसलनोज किंवा आक्रमक सिक्लिड टाकीत असेल तर नवा मासा भुकेला असूनही बाहेर येत नाही. गोल्डफिशबरोबर ठेवला असेल तर वेगळा काढा. गोल्डफिश थंड पाण्यातला, घाण करणारा, आणि उपाशी सकर रात्री त्याच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. गोल्डफिशच्या अंगावर गोल लालसर चट्टे दिसले तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

सगळं नीट असेल तर भाजी बदला. दुधीला न शिवलेला मासा फरसबीवर तुटून पडलेला मी पाहिला आहे. फरसबी उकडून मधोमध चिरून, दाणे दिसतील अशी ठेवा. दुसऱ्या कुणाच्या जुन्या टाकीतलं लाकूड मिळालं तर तेही उपयोगी पडतं, त्याच्यावरच्या बुळबुळीत थरात माशाला खाण्यासारखं बरंच असतं. ते लाकूड निरोगी माशांच्या टाकीतलं असावं, एवढी खात्री करून घ्या.

कोरीडोरस आणला असेल तर

कोरी एकटा किंवा जोडीने आणू नका. सहा तरी हवेत, सगळे एकाच जातीचे. एकटा कोरी कोपऱ्यात निपचित पडून राहतो आणि त्याला कितीही चांगलं खाणं दिलं तरी खुलत नाही. सहा असले की एक निघाला की बाकीचे मागोमाग निघतात.

त्याच्यासाठी तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. तो तोंड वाळूत खुपसून, चाळून जेवतो. धारदार खडीने आणि साचलेल्या घाणीने त्याच्या मिशा झिजतात, आणि मिशा गेल्या की त्याला जेवण शोधणं अवघड होतं. काचेवरचं शेवाळं तो खात नाही. त्याला बुडणाऱ्या गोळ्या, गोठवलेले ब्लडवर्म, डॅफ्निया (पाण्यातले अगदी बारीक जीव) असं लागतं. बाकीचे मासे वरच्या वर सगळं फस्त करत असतील तर दिवा मालवल्यावर गोळ्या टाका. प्रवासात फार घाबरलेला कोरी पिशवीतच विष सोडू शकतो आणि त्यात तो स्वतःही मरतो. पिशवीतलं पाणी फेसाळ दिसलं तर थेंबांचा सोपस्कार न करता मासे लगेच स्वच्छ पाण्यात घ्या. पाणी २२ ते २६ अंश, ब्रिसलनोजपेक्षा किंचित थंड. कोरी एकदम वर झेपावून हवा घेतो आणि खाली येतो, हे त्याचं नेहमीचंच. ती हवा तो आतड्यातून शोषतो.

मोठ्या टाकीत हलवताना

तीन आठवडे झाले, पोट भरलेलं, अंगावर पांढरे ठिपके किंवा कापसासारखे पुंजके नाहीत, सकाळी सालीची बांगडी उरते आहे. आता त्याला मोठ्या टाकीत न्यायचं. त्यासाठी मासा पकडू नका. दिवसा तो करवंटीतच असतो. दोन्ही पाण्यांचं तापमान जुळवा, टबात एक भांडं बुडवा, करवंटी माशासकट हळूच भांड्यात सरकवा आणि भांडं पाण्यासकट उचला. मोठ्या टाकीत करवंटीची जागा आधीच ठरवून ठेवा: मागचा कोपरा, वरून झाडांची सावली. भांडं तिथे खाली न्या, तिरकं करा, करवंटी बाहेर सरकू द्या. मासा बहुधा आतून हलतही नाही.

दिवा त्या दिवशी लावू नका. संध्याकाळी बाकीच्या माशांना आधी पोटभर घाला, म्हणजे ते याच्या वाट्याला येणार नाहीत. आणि रात्री नेहमीच्या वेळेला, त्याच काट्याला टोचून, दुधीची चकती करवंटीच्या तोंडापाशी ठेवा.